‘रन’ या क्रियापदाचा पसारा

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या इंग्रजीच्या सर्वांत मोठ्या शब्दकोशात सर्वाधिक अर्थ कोणत्या शब्दाखाली नोंदवले आहेत, असे विचारले, तर ऐकणाऱ्याच्या मनात एखादा भारदस्त, लॅटिन वळणाचा शब्द येतो. प्रत्यक्षात तो मान ‘रन’ या इंग्रजीत तीन अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या आणि आपल्याकडे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असणाऱ्या क्रियापदाकडे जातो. १९८९ साली वीस खंडांत निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ‘सेट’ या शब्दाची नोंद सर्वांत लांब होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेका शब्दाची नोंद नव्याने तपासली जाऊ लागली आणि २०११ मध्ये ‘रन’ची सुधारित नोंद तयार झाली, तेव्हा केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एका शब्दावर सुमारे नऊ महिने काम केले. ‘रन’ हे नामही आहे, आणि त्याचे अर्थ या गणतीत धरलेले नाहीत.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि हा आकडा मला शोभेच्या माहितीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या शाळांमध्ये ‘रन म्हणजे धावणे’ एवढे पाठ करून घेतले जाते आणि विषय तिथेच संपतो. पुढे आठवी-नववीत मुलाला ‘नाक धावते’, ‘कंपनी धावते’, ‘कुंपण धावते’ अशा अर्थाची वाक्ये भेटू लागतात, तेव्हा प्रत्येक वाक्य त्याला एक नवा अपवाद वाटतो. अपवाद वाढत गेले की भाषा म्हणजे पाठांतराचे ओझे, अशी त्याची खात्री होते. माझे म्हणणे असे आहे की हे ६४५ अर्थ म्हणजे ६४५ सुट्या गोष्टी नव्हेत. त्यांच्या मुळाशी एकच चित्र आहे, अडथळ्यावाचून सलग होत राहणाऱ्या गतीचे, आणि ते चित्र मुलाच्या हाती दिले तर निम्म्याहून अधिक अर्थ त्याचे त्यालाच उमगतात. मराठी मुलाला तर ते अधिक सोपे जावे, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेतही हीच प्रक्रिया घडलेली आहे. फक्त ती वेगळ्या वाटांनी घडली आहे.

आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मराठीत ‘नाव’ म्हणजे एखाद्याला हाक मारण्याचा शब्द आणि ‘नाव’ म्हणजे होडी. हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला ‘नाम’पासून आला, दुसरा ‘नौ’पासून, आणि उच्चार झिजत झिजत ते योगायोगाने सारखे झाले. इंग्रजीतला क्रिकेटचा ‘बॅट’ आणि वटवाघूळ या अर्थाचा ‘बॅट’ यांचेही तसेच आहे. ‘रन’चे तसे नाही. तिथे शब्द एकच आहे आणि त्याचे अर्थ एकमेकांतून फुटलेले आहेत. एका शब्दाला अनेक अर्थ असण्याच्या या गुणाला मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाभ्यासकाने १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थविज्ञानावरील ग्रंथात ‘पॉलिसेमी’ असे नाव दिले. आपण त्याला अनेकार्थता म्हणतो. ब्रेआलच्या दृष्टीने हा भाषेतला दोष नव्हता, तर संस्कृतीच्या वाढीची खूण होती. नवी वस्तू, नवा व्यवहार समोर आला की समाज दर वेळी नवा शब्द घडवत बसत नाही. हाताशी असलेल्या जुन्या शब्दाला तो नवे काम देतो, आणि त्याचे जुने कामही सुटत नाही.

‘रन’ला मिळालेले पहिले काम कोणते होते, हे पाहण्यासाठी जुन्या इंग्रजीपर्यंत मागे जावे लागते. तिथे ‘रिनन’ आणि अक्षरांची अदलाबदल होऊन झालेले ‘इर्नन’ अशी दोन रूपे आढळतात, आणि उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘रेना’ या शब्दाचाही त्यात हात आहे. या रूपांचा अर्थ केवळ पायांनी पळणे एवढा नव्हता. पाण्याचे वाहणे हाही अर्थ तेव्हापासून त्यात आहे. म्हणजे ‘नाक धावते’ हा इंग्रजीत नंतर कुणी केलेला चमत्कार नसून फार जुना, मूळचा अर्थ आहे. दूध गोठवण्यासाठी चीज करणारे लोक जो पदार्थ वापरतात, त्याचे ‘रेनेट’ हे नावही याच कुळातले आहे, कारण द्रव पदार्थ एकत्र येऊन गोठणे यालाही एके काळी ‘रन’ म्हणत.

हे वाचून मराठी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही. पाणिनीय धातुपाठात ‘धावु गतिशुद्ध्योः’ असे म्हटले आहे. म्हणजे ‘धाव्’ या धातूचे गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिले आहेत. दात घासण्याला आपण ‘दंतधावन’ म्हणतो ते या दुसऱ्या अर्थाने. धावणे आणि पाण्याने धुऊन काढणे या दोन कल्पना एका धातूखाली नांदल्या, याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे वाहते पाणी हेच असावे.

पाण्याच्या या अंगाने ‘रन’ कुठवर जातो, ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, नाक आणि डोळे ‘रन’ होतात, कपड्याचा रंग ‘रन’ होतो, ओल्या कागदावरची शाई ‘रन’ होते, उन्हात ठेवलेले लोणी ‘रन’ होते. एक क्रियापद आणि ही सारी कामे. मराठीत नदी वाहते, नळ चालू असतो, नाक गळते किंवा वाहते, रंग जातो, शाई फुटते, लोणी पाघळते आणि अश्रू ओघळतात. आपण प्रत्येक द्रवाची चाल निरखून तिला वेगळे नाव दिले आहे, आणि मला आपल्या भाषेचा हा गुण फार मोलाचा वाटतो. इंग्रजीने मात्र इथे द्रव कोणता आणि त्याचा वेग किती याकडे पाहिलेच नाही; सलग पुढे जाणे तेवढे पाहिले.

वेगाचा हा मुद्दा माझ्या मते दोन्ही भाषांतल्या फरकाचे मर्म आहे. मराठी ‘धावणे’ वेग सोडायला तयार नसते. महाराष्ट्रात पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडी एक वचन असते: पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला रांगायला लावा, रांगणाऱ्याला थांबायला लावा आणि थांबलेल्याला जिरायला लावा. डोंगरउतारावरच्या समतल चरांपासून नाल्यातल्या बांधापर्यंत सगळी योजना या एका वाक्यात सामावली आहे, आणि ती सामावते याचे कारण मराठीत पळणे, चालणे आणि रांगणे यांच्यातला वेगाचा फरक पाण्यालाही तंतोतंत लागू करता येतो. इंग्रजीत याचे भाषांतर करायचे झाल्यास अडचण पडेल, कारण तिथे संथ पाणीही ‘रन’च होते. जमिनीत न मुरता वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याला इंग्रजीत ‘रनऑफ’ म्हणतात. त्याला आपल्या कृषी आणि जलशास्त्राच्या पुस्तकांनी ‘अपधाव’ असा नेटका प्रतिशब्द दिला आहे, आणि तिथे मूळच्या शब्दातली धाव शाबूत ठेवली आहे.

आता यंत्रांकडे वळू, कारण ‘रन’चा पसारा खऱ्या अर्थाने वाढला तो यंत्रयुगात. गिरणी, घड्याळ, इंजिन, आगगाडी, पुढे मोटार, वीज आणि संगणक, यांपैकी प्रत्येकाच्या चालू असण्याला इंग्रजीने ‘रन’ म्हटले. पहिली मोठी यंत्रे पाणचक्क्या होत्या आणि त्या वाहत्या पाण्यावर फिरत, म्हणून पाण्याचे क्रियापद चाकाला लागले असावे, असे मला वाटते. ते काहीही असो, एकदा चाक ‘रन’ होऊ लागल्यावर त्यावर चालणारे सगळेच ‘रन’ होऊ लागले. गाडी ‘रन’ होते म्हणून गाड्यांचे वेळापत्रक ‘रन’ होते, कारखान्यातली यंत्रे ‘रन’ होतात म्हणून कारखाना ‘रन’ होतो, आणि कारखाना ‘रन’ होतो म्हणून मालक कारखाना ‘रन’ करतो. इथून दुकान, शाळा, रुग्णालय आणि देश यांच्यापर्यंत पोचायला फारसे अंतर उरत नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी बेसिक ही संगणकभाषा सुरू केली, तेव्हा लिहिलेला कार्यक्रम कामाला लावण्याची आज्ञा ‘रन’ हीच ठेवली. तोवर त्या शब्दाला यंत्रांची इतकी सवय झाली होती की दुसरा शब्द सुचण्याचे कारणच नव्हते.

मराठीने याच जागी दुसरे पाऊल टाकले. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली आणि त्याच्या आदल्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी सुटली. त्या काळापासून यंत्रासाठी आपण ‘चालणे’ हे क्रियापद लावत आलो आहोत. गिरणी चालते, घड्याळ चालते, पंखा चालतो, पंप चालतो. वापरात असलेली गोष्ट ‘चालू’ असते आणि थांबलेली ‘बंद’. इंग्रज माणसाचे यंत्र पळते आणि मराठी माणसाचे यंत्र चालते, यावरून दोन समाजांच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होतो. मला तो पटत नाही. ‘चालणे’ या शब्दात मराठीने वेगाऐवजी सातत्य पाहिले, आणि ‘रन’मध्ये इंग्रजीने तेच पाहिले. निवडलेले पाऊल वेगळे असले तरी त्यातून सांगायची गोष्ट एकच आहे. फक्त आगगाडीच्या बाबतीत आपण दोन्ही क्रियापदे ठेवली. रोजची लोकल ‘चालू’ असते किंवा ‘बंद’ असते, आणि गणपतीसाठी कोकणात जादा गाड्या ‘धावणार’ असतात, कारण तिथे प्रत्यक्ष वेगाने जाणारी वस्तू डोळ्यांसमोर असते.

म्हणून वर्गात ‘रन’ शिकवताना मी ‘चालणे’ या शब्दाचे सगळे अर्थ मुलांकडूनच काढून घेते. दुकान चालते, वर्ग चालतो, खटला चालतो, नाणे चालते, नाटक चालते, घरात कुणाचे तरी चालते आणि कुणाचे चालत नाही, औषधासोबत दूध चालते, आणि सौदा पटला की आपण ‘चालेल’ म्हणतो. यांपैकी एकाही ठिकाणी पाय हलत नाहीत, तरी मुलांना या वाक्यांपैकी एकही अवघड वाटत नाही. आपल्या भाषेतल्या या पसाऱ्याची जाणीव झाली की परक्या भाषेतला पसारा परका वाटेनासा होतो. ‘लागणे’ घेतले तर याहूनही मोठा पसारा दिसतो. तहान लागते, आग लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, वेड लागते, निकाल लागतो आणि घाटात एखाद्याला गाडी लागते. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला विचारले तर तो सांगेल की ‘रन’ सोपा आहे, ‘लागणे’ कठीण.

दोन क्रियापदांच्या रचनेत मात्र एक मोठा फरक आहे आणि तो मुलांना आवर्जून सांगावा लागतो. मराठीत दुकान चालते आणि मालक ते चालवतो. चोर पळतो आणि दुसऱ्याचे पाकीट पळवतो. आपोआप होणे आणि दुसऱ्याकडून करवणे यांच्यासाठी क्रियापदाचे रूपच बदलते. जुन्या इंग्रजीतही असा भेद होता. पळणे आणि पळवणे, विशेषतः घोडा पळवणे, यांसाठी तिथे वेगवेगळी रूपे होती, पण कालांतराने ती एकमेकांत मिसळून गेली. त्यामुळे आज मोटारही ‘रन’ होते आणि माणूसही मोटार ‘रन’ करतो. एकाच रूपावर दोन्ही कामे पडल्यामुळे कोशातली अर्थांची संख्या एका झटक्यात वाढली. मराठीत जे प्रयोजक प्रत्यय सांगतो, ते इंग्रजीत वाक्यातला शब्दक्रम सांगतो.

कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बोलण्यात ‘रन’ मराठीत कसा शिरला आहे, तेही नोंदवले पाहिजे, कारण शाळेत कुणी न शिकवता या माणसांनी त्याचे अर्थ अचूक उचलले आहेत. सुतार आणि फॅब्रिकेशनवाले ओट्याचा किंवा रेलिंगचा दर ‘रनिंग फूट’ने सांगतात. ठेकेदाराचे काम चालू असतानाच त्याचे ‘रनिंग बिल’ निघते. जुनी गाडी घेणारा ‘रनिंग किती झाले?’ असे विचारतो आणि विकणारा ती ‘रनिंग कंडिशन’मध्ये असल्याचे सांगतो. रेल्वेत चालक आणि गार्ड हे ‘रनिंग स्टाफ’, आणि त्यांच्या विश्रांतीची जागा ‘रनिंग रूम’. यांतल्या पहिल्या उदाहरणाकडे नीट पाहावे. ‘रनिंग फूट’मध्ये कोणतीही हालचाल नाही; तिथे सलग मोजत गेलेली लांबी आहे. सुताराला ‘रन’चा तो अर्थ ठाऊक आहे, जो आपल्या पाठ्यपुस्तकातला धडा सहसा सांगत नाही.

स्थिर वस्तूचे हे ‘धावणे’ इंग्रजीत सर्वत्र दिसते. रस्ता नदीच्या कडेने ‘रन’ होतो, भिंतीतून तार ‘रन’ होते, डोंगररांग उत्तरेकडून दक्षिणेकडे ‘रन’ होते. वस्तू जागची हलत नाही. हलते ती पाहणाऱ्याची नजर, आणि त्या नजरेच्या प्रवासाचे क्रियापद वस्तूला लावले जाते. सह्याद्रीविषयी आपण म्हणतो की तो उत्तर-दक्षिण पसरला आहे, परंतु रस्ता मात्र आपणही ‘जातो’ असेच म्हणतो, आणि ‘हा रस्ता कुठे जातो?’ या प्रश्नात कुणालाही काही खटकत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी उत्पादकांना ‘रनर’ हा शब्द परिचयाचा आहे. मातृरोपापासून जमिनीलगत फुटून पुढे जाणारे आणि पेऱ्यापाशी मूळ धरून नवे रोप देणारे हे खोड असते, आणि मराठी वनस्पतिशास्त्राने त्याला ‘धावते खोड’ म्हटले आहे. इथे वेग कसलाच नसूनही मराठीने धाव स्वीकारली, कारण नाव इंग्रजीवरून घडवले.

क्रिकेटने तर हा शब्द घराघरांत नेला. खेळाचे लिखित नियम १७४४ सालचे आहेत, आणि त्या शतकात धावा मोजणारा माणूस काठीवर खाचा पाडत असे, म्हणून धावेला ‘नॉच’, म्हणजे खाच, असेही म्हणत. सुरुवातीच्या काळी सीमारेषेची पद्धत नव्हती आणि प्रत्येक धाव दोन यष्ट्यांमध्ये खरोखर पळूनच मिळवावी लागे, तेव्हा ‘रन’ हे नाव अक्षरशः खरे होते. पुढे सीमापार गेलेल्या चेंडूला चार किंवा सहा धावा मिळू लागल्या आणि फलंदाज जागेवर उभा असतानाच त्याच्या नावावर ‘रन’ जमा होऊ लागले. वाइड चेंडूची धाव तर कुणीही न पळता संघाला मिळते. क्रिया संपली आणि तिचे मोजमाप शिल्लक राहिले. अनेक नामे अशीच जन्माला येतात, आणि हे उदाहरण मराठी मुलांना लगेच पटते, कारण ते त्यांच्या रोजच्या खेळातले आहे.

मराठी क्रिकेटच्या परिभाषेविषयी मला मनापासून आदर आहे. आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करणारे बाळ ज. पंडित किंवा वृत्तपत्रात क्रीडा पानाला प्रतिष्ठा मिळवून देणारे वि. वि. करमरकर यांच्या पिढीने हा खेळ मराठीत आणला, तेव्हा धाव, धावसंख्या, धावफलक, धावगती, अवांतर धावा असे शब्द वाचकांच्या आणि श्रोत्यांच्या तोंडी बसले. ‘धावचीत’ हा शब्द तर मला विशेष आवडतो. ‘रनआऊट’मधल्या ‘आऊट’साठी ‘बाहेर’ असा शब्दशः पर्याय न घेता तिथे कुस्तीच्या आखाड्यातले ‘चीत’ घेतले आणि त्यावरून त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत, धावचीत अशी एक मालिकाच उभी राहिली. पाठ टेकलेला मल्ल आणि तंबूत परतणारा फलंदाज यांना एका शब्दाने बांधणे हे इथल्या मातीत खेळ पाहिलेल्या माणसालाच सुचू शकते. ‘रनिंग कॉमेंटरी’चे ‘धावते समालोचन’ झाले आणि विमानतळावरच्या ‘रनवे’ची ‘धावपट्टी’, हेही याच काळातले यशस्वी शब्द म्हणता येतील.

तरीही मराठी ‘धाव’ ही इंग्रजीची केवळ सावली नाही, हे विसरता कामा नये. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून बसवतो तिला ‘धाव’ म्हणतात. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतरणीवरून खाली जात आणि मोट वर खेचत, त्या उतरणीलाही ‘धाव’ म्हणत. इंग्रजीत बर्फावरून घसरण्याच्या उतरणीला आणि कोंबड्यांना मोकळे फिरण्यासाठी जाळी लावून केलेल्या जागेला ‘रन’ म्हणतात, हे मुलांना विचित्र वाटते. पण ज्या जागेवर धावायचे त्या जागेलाच धावेचे नाव देण्याची रीत आपल्या विहिरीच्या काठावर होतीच. याखेरीज आपली धाव अशा काही वाटांनी गेली आहे जिथे ‘रन’ कधीच पोचला नाही. संकटात देव धावून येतो आणि त्यासाठी भक्त त्याचा धावा करतो. अन्यायाविरुद्ध माणूस न्यायालयात धाव घेतो. मंत्री धावती भेट देतात. आणि सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, म्हणजे तिथे धाव हे कुवतीचे माप होते.

अर्थव्यवहारात ‘बँकेवरचा रन’ नावाची एक भीतिदायक गोष्ट आहे. ठेवीदारांचा विश्वास उडाला की ते सगळे एकदम पैसे काढायला येतात, आणि कर्जाऊ दिलेली रक्कम तातडीने परत मिळणे शक्य नसल्यामुळे चांगली बँकसुद्धा अडचणीत येते. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर अशा रांगा लागल्या होत्या. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात सुमारे ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याचे आदेश ठेवीदारांनी दिले, आणि त्यांतले बहुसंख्य लोक आपल्या फोनपासून वा संगणकापासून उठलेही नव्हते. शब्दात लोकांची धावाधाव होती, प्रत्यक्षात धावला तो पैसा.

निवडणुकीच्या संदर्भात अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो आणि ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आपल्याकडचा उमेदवार ब्रिटिशांप्रमाणे उभा राहतो आणि शिवाय निवडणूक लढवतो. स्त्रियांच्या पायमोज्यातला धागा उसवून उभी रेघ पडली तर अमेरिकेत तिलाही ‘रन’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. एकाच इंग्रजीतले हे भेद दाखवले की मुलांना एक गोष्ट समजते: अर्थाचा विस्तार हा कुणी ठरवून दिलेला नियम नाही, तर एकेका समाजाने केलेली निवड आहे.

खरी अडचण येते ती जोडशब्दांत. ‘रन आऊट’, ‘रन ओव्हर’, ‘रन इनटू’, ‘रन डाऊन’, ‘रन थ्रू’ यांच्या याद्या करून पाठ करायला लावणे ही आपल्याकडची प्रचलित पद्धत आहे, आणि ती मला अतिशय निष्फळ वाटते. त्याऐवजी मागून येणाऱ्या लहान शब्दाची दिशा आधी पक्की करावी. ‘आऊट’ म्हणजे बाहेर. साठा वाहत वाहत बाहेर गेला की तो संपतो, म्हणून पेट्रोल संपणे हे ‘रन आऊट’. ‘ओव्हर’ म्हणजे वरून. पाणी काठावरून गेले तरी ‘रन ओव्हर’, आणि गाडी कुणाच्या अंगावरून गेली तरी ‘रन ओव्हर’. ‘डाऊन’ म्हणजे खाली. घड्याळाची किल्ली किंवा बॅटरी उतरत जाते, आणि मराठीनेही तिथे ‘उतरणे’ हेच खाली जाणारे क्रियापद योजले आहे. ‘इनटू’ म्हणजे आत; चालता चालता माणूस माणसावर येऊन आदळावा तशी अनपेक्षित गाठ पडते. चित्र काढून दाखवलेले असे दहा जोडशब्द मुले वर्षभर विसरत नाहीत, आणि अकरावा भेटला तर न विचारता त्याचा अर्थ लावून पाहतात.

काही प्रयोग मात्र मी तसेच ठेवते, त्यांना ओढूनताणून चित्रात बसवत नाही. ताप असणे याला इंग्रजीत ‘टेम्परेचर रन करणे’ म्हणतात, धोका पत्करणे याला ‘रिस्क रन करणे’, उशीर होत असला तर माणूस ‘लेट रन’ होतो. यांचे कारण शोधता येईल, पण आठवीच्या वर्गात ते सांगून उपयोग नाही. तिथे वाक्यच ऐकवावे आणि पुन्हा पुन्हा ऐकवावे.

राज्यात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही शालेय वापरातले इंग्रजी-मराठी कोश उघडले, तर बहुतेक ठिकाणी ‘रन’समोर धावणे, पळणे, वाहणे, चालवणे, पसरणे असे शब्द स्वल्पविराम देत एका ओळीत मांडलेले आढळतात. कोणता अर्थ कशातून निघाला याचा तिथे मागमूस नसतो. माझी मागणी साधी आहे. अशी नोंद पायांच्या धावण्यापासून आणि पाण्याच्या वाहण्यापासून सुरू करावी, तिथून यंत्राच्या चालण्यावर यावे, मग संस्था चालवण्यावर, मग नजरेच्या प्रवासावर, आणि प्रत्येक टप्प्यावर मराठी मुलाच्या अनुभवातले एक वाक्य द्यावे: शेतातला पाट, पिठाची गिरणी, गावातली पतसंस्था, शेताच्या कडेचे कुंपण. नोंद पाऊण पानाची होईल. ‘रन’, ‘सेट’, ‘टेक’, ‘गेट’, ‘पुट’ अशा वीस-पंचवीस क्रियापदांना जरी अशी जागा दिली, तरी कोशाची जाडी फार वाढणार नाही. आणि जागेची अडचण असेलच, तर ज्या अवघड शब्दांची गाठ मुलाला दहावीपर्यंत एकदाही पडत नाही, ते शब्द खुशाल गाळावेत.